कोंबडीनं सोडलेली अंडी

प्रिय अनसू,

तुला जाऊन महिना होऊन गेला. लिहिणार नव्हते, पण तुझी कमळ कालपासून चुलीपुढून उठायला तयार नाही, आणि तिला काय सांगावं ते मला सुचत नाही. तुझ्याशिवाय कुणाला विचारू?

तुझ्या आजारपणात कोल्ह्यानं तुझी बदकं नेली. कळसहून, माहेरून पाटीत घालून आणलेली ती जोडी! मागं उरली फक्त कोंड्यात ठेवलेली सहा अंडी. कमळनं ती कुणाला शिवू दिली नाहीत. तुझा दहावा झाला आणि आम्ही ती खुडूक कोंबडीखाली ठेवली. तिला संशय यायला नको म्हणून आत्याबाईंनी तिचीही दोन घालायला लावली.

तू कोंबडीची अंडी नेहमी बदकाच्या मागून आठवडाभर उशिरा घालायचीस, हे आत्याबाईंना आता आठवतंय. बदकाला वेळ जास्त लागतो, एवढं कधी बोलली का नाहीस गं? परवा कोंबडीची दोन पिल्लं निघाली. काल ती त्यांना घेऊन उकिरड्याकडं चालती झाली. तुझी अंडी तशीच पडली.

कमळ माझ्याकडं बघत म्हणाली, "थोरली आई, तिला तिची सोताची झाली म्हणून ही सोडली व्हय?"

माझी दोन मुलं तिथंच खेळत होती. आणि तिचे मामा तिला कळसला न्यायला येणार, हे तिच्या कानावर गेलेलं. कमळच्या वडिलांनी, भाऊजींनी, निर्णय माझ्यावर सोडलाय. मी अजून हो म्हटलेलं नाही, नाहीही नाही.

आता अंडी चुलीशेजारी पाटीत आहेत, कोंड्यात, वर गोधडीचा तुकडा. जाळ वाढला तर शिजतील, विझला तर गारठतील. भाकरी थापता थापता मी एकेक उचलून पापणीला लावून बघते. ऊब पुरेशी आहे का? तू ओल्या हातानं पाणी शिंपडायचीस, किती शिंपडायचीस?

आत्याबाई म्हणाल्या, "कोमट पाण्यात सोडून बघा. जितं आसंल त्ये हलतंय." मी टाळत होते. एकही हललं नाही तर, पोरीच्या डोळ्यांदेखत? आज कमळनंच घंगाळ पुढं ओढलं.

एक हललं. मग दुसरं. उरलेली चार नुसती तरंगत राहिली. जिवंत दोन पुसून मी पाटीत ठेवली आणि ती चार बाजूला काढू लागले, तर तिनं माझं मनगट धरलं.

"ती बी ठेव की. त्यांला येळ लागत आसंल."

साही परत उबेला ठेवली.

किती निघतील, निघतील की नाही, मला ठाऊक नाही. पण मामा आले की मीच पुढं होऊन सांगेन, कमळ इथं पिंपळीलाच, आपल्या घरी राहील. माझी मुलं किती, असं कुणी विचारलं तर आजपासून तीन म्हणेन. हा शब्द तुला देते; तिला तो माझ्या वागण्यातून कळू दे.

तुझी थोरली जाऊ,
सरू