आधी पाणी, मग लोणी

अ‍ॅमस्टरडॅम झुइडओस्ट
९ मार्च २०२५

ती. सौ. आईस,
सारंगचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

तुझं पत्र मिळालं. बाबांनी फोनवर पाठवायला त्याचे फोटो काढताना दुसऱ्या पानावर अंगठा ठेवला होता, त्यामुळे शिरीषकाकांच्या गुडघ्याचं पुढे काय झालं ते कळलं नाही. फोनवर आपण दोघंही गप्प बसतो आणि बाबा हवेची चौकशी करत राहतात, त्यापेक्षा हे पत्रांचं बरं चाललंय.

रडतोस का, असं विचारलंस. नाही. एफुआला जाऊन दोन महिने होत आले. भूक लागते, जेवतो. मेट्रोत बसतो, ऑफिसचं स्टेशन आलं की उतरतो. सगळे म्हणतात, सारंग सावरला. सावरलो वगैरे काही नाही, मला काही वाटतच नाही. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गाल होतो तसा मी सगळाच झालोय.

खरी काळजी हिमानीच्या केसांची आहे. तिचे केस एफुआसारखे, अगदी घट्ट कुरळे. दर रविवारी एफुआ लेकीला पुढ्यात बसवून वेण्या घालायची. ती गेली तेव्हा तू फोनवर म्हणालीस की तेरा दिवस केसांना तेल-फणी नको. मी पाळलं. अंत्यविधीच्या आदल्या दिवशी एफुआची बहीण अकोसुआ हिमानीच्या वेण्या घालायला आली होती. आमच्यात चालत नाही, असं मी तिला दारातच सांगितलं. ती परत गेली आणि तेव्हापासून तिचा फोन नाही. तेरा दिवस संपले, पण पुन्हा सुरुवात करायचं मला सुचलंच नाही. एक दिवस पाहिलं तर मागच्या बाजूला केसांचा गोळा झालेला, जुन्या गादीतल्या कापसासारखा. मग तू दिलेलं माक्याचं तेल तशाच कोरड्या केसांवर चोपडलं आणि फणीने ओढलं. फणीचे दात मोडले. हिमानी किंचाळली. आता ती घरातही लोकरी टोपी घालून असते, झोपतानासुद्धा.

इथली केस कापणारी बाई म्हणाली की सगळेच कापावे लागतील. मे महिन्याच्या सुट्टीतली वेळ घेऊन ठेवलीय. हिमानीला हे सांगितलं तर ती म्हणाली की मग आईला मी ओळखू येणार नाही. डचमध्ये म्हणाली. मराठी तिला सगळं कळतं, उत्तर मात्र डचमध्ये येतं.

बाथरूममध्ये एफुआची शिया बटरची डबी आहे, अर्धी भरलेली. तिच्या आईच्या गावाकडे, घानामध्ये, एका झाडाच्या बियांपासून काढतात ते. हिमानी रोज झाकण उघडून बघते आणि परत लावते. मला हात लावू देत नाही. वास घेत असेल.

बाबांना नमस्कार. तुमचा लोभ आहेच, तो असाच राहू दे.

तुझा,
सारंग


पुणे
१६ मार्च २०२५

चि. सारंग यास,
अनेक आशीर्वाद.

पत्राच्या माथ्यावर श्री घातलेला नाही, हात धजला नाही. शिरीषकाकांचा गुडघा बदलला. आता ते येईल-जाईल त्याला जिना चढून दाखवतात. अंगठ्याबद्दल बाबांना सांगितलं, त्यांच्या मते फोनच खराब आहे.

तुझं पत्र वाचून दुपारभर कशातच लक्ष लागलं नाही. लहान मुलांना कसलं सुतक? माझं डोकं तेव्हा ठिकाणावर नव्हतं, तोंडाला आलं ते बोलून गेले. आणि तूही शहाणा, जन्मात पहिल्यांदा माझं अक्षरशः ऐकायला हाच मुहूर्त शोधलास.

एक गोष्ट राहून राहून आठवतेय. तुमच्या लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत मी एफुआला अभ्यंगाला पाटावर बसवलं. तेल कोमट करून आणते तर ही बाटलीने केसांवर पाणी फवारत बसलेली. ओल्या केसांना तेल लावलं की सर्दी होते म्हणून मी रागावले. तर ती हसत म्हणाली की तिच्या केसांत पाणी टिकत नाही, म्हणून आधी पाणी पाजायचं आणि मग वरून लोणी लावून ते आत कोंडायचं. कोरड्या केसांवर नुसतं तेल थापलं तर कोरडेपणाच कोंडला जातो. मी काही ते मनावर घेतलं नाही. टॉवेलने तिचं डोकं खसाखसा पुसलं आणि माझंच खरं केलं. तिने निमूट लावून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी माझ्या नकळत केस पुन्हा धुतले. मला ते दिसलं होतं.

तर ती कात्रीची वेळ रद्द कर आणि अकोसुआला फोन कर. नियम आईचा होता, माझा नव्हता, असं सांग. खुशाल माझं नाव पुढे कर. मी इतक्या लांब आहे, ती काय मला मारायला येतेय? ते लोणी तिकडच्या थंडीत दगड होत असेल, तर आपण खोबरेल तेलाला करतो तसं कर, डबी जरा उबेला ठेव.

वेळेवर जेव. जेवतोस म्हणतोस, पण काय जेवतोस ते लिहीत नाहीस. आमचा जीव तुम्हा दोघांत आहे, एवढं ध्यानात असू दे.

तुझी,
आई


अ‍ॅमस्टरडॅम झुइडओस्ट
६ एप्रिल २०२५

ती. सौ. आईस,
शि. सा. नमस्कार, वि. वि.

कात्रीची वेळ रद्द केली. अकोसुआला फोन करून तुझं नाव पुढे केलं. ती म्हणाली की दारातून परत पाठवलेलं ती विसरणार नाही, पण तिचा राग जाईपर्यंत मुलीचे केस थांबायचे नाहीत. शनिवारी, म्हणजे काल, दुपारी येते म्हणाली.

ती यायच्या आधी सगळं तयार असावं म्हणून मी डबी खोली तापवणाऱ्या रेडिएटरवर ठेवली. थोड्या वेळाने उचलून घेतली, तर हिमानी धावत आली. झाकण उघडून ती नुसती बघत राहिली आणि मग मला विचारलं की आईची बोटं कुठे गेली.

आई, एफुआने शेवटचं लोणी घेतलं तेव्हाच्या तिच्या तीन बोटांच्या खुणा त्यात होत्या. हिमानी रोज झाकण उघडून त्या बघत होती. मी एकदाही आत नीट पाहिलं नव्हतं. आता सगळं वितळून पातळ पिवळं झालं होतं.

मी बाथरूमच्या फरशीवर बसलो आणि रडलो, मोठ्याने. ती गेल्यापासून पहिल्यांदा. हिमानी घाबरली असणार, पण पळाली नाही. तिने डोक्यावरची टोपी काढून माझ्या मांडीवर ठेवली आणि शेजारी बसली. अकोसुआने बेल वाजवली तेव्हाही आम्ही तिथेच होतो. आत येऊन तिने आधी डबी बाल्कनीत गारव्याला ठेवली.

स्वतः तिने केसांना हात लावला नाही, सगळं माझ्याकडून करून घेतलं. केस हाताला ओले लागेपर्यंत पाणी फवारायचं, एकेक बट वेगळी धरायची, टोकाकडून वर सोडवत जायचं, आधी बोटांनी आणि मग रुंद दातांच्या कंगव्याने. मी घाई केली की ती माझ्या मनगटावर चापट मारायची. मानेजवळचा एक गोळा काही केल्या सुटला नाही, तेवढा कापावा लागला. बाकीचे केस वाचले.

मग लोण्याची वेळ आली. ते पुन्हा घट्ट झालं होतं, वर साधा ओरखडासुद्धा नव्हता. माझा हात पुढे होईना. हिमानीनेच डबी ओढून घेतली, तीन बोटं आत घातली, लोणी काढून माझ्या तळहातावर ठेवलं आणि ते आधी हातांत चोळून गरम करायला सांगितलं. मराठीत सांगितलं. मग ते मी तिच्या ओल्या केसांना लावलं. वेण्या वाकड्यातिकड्या झाल्या, पण झाल्या. अकोसुआ पुढच्या रविवारी तपासायला येणार आहे.

तू स्वतःला बोल लावू नकोस. डबी हिमानीची होती, मी तिला विचारायला हवं होतं. अजून मी बराचसा बधिरच आहे, पण काल हातांना ते केस कळत होते.

बाबांना नमस्कार. आमच्यावरची माया आटू देऊ नका.

तुझा,
सारंग

ता. क. काल रात्री वरणभात केला. हिमानीने टोपी न घालता खाल्ला.


॥ श्री ॥

पुणे
१३ एप्रिल २०२५

चि. सारंग आणि चि. हिमानी यांस,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. ते वाचून बाबा चष्मा पुसायला म्हणून गॅलरीत गेले ते बराच वेळ आत आलेच नाहीत. उबेला ठेव म्हणणारी मीच. ते माझ्या मनाला लागून राहणार, तू समजूत घालत बसू नकोस.

दिवाळीला दोघंही या. डबी बरोबर आणा, पण हातातल्या पिशवीत, आणि उन्हापासून जपून. हिमानीला सांग की आजी तिला पाटावर बसवणार आहे आणि आधी पाणी फवारणार आहे. लोणी मात्र तिचं तिने काढून द्यायचं. त्या डबीत मी बोट घालणार नाही.

वाट बघते.

तुमची,
आई आणि आजी