आल्बर्टवरचा खोटेपणाचा शिक्का

मी, क्लेमेंटीन आल्बर्ट तुस्कानो, वय बावन्न, राहणार भुईगाव, तालुका वसई, जिल्हा ठाणे, पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्याही दडपणाखाली नसताना हे मृत्युपत्र लिहिते. डोके ठिकाणावर आहे आणि राग तर अगदी शाबूत आहे.

१. राहते घर भांड्याकुंड्यांसह माझी मुलगी पॉलिन हिला द्यावे. मुलीला घर दिले म्हणून भाऊबंद नाके मुरडतील. मुरडू देत.

२. केळीची वाडी, विहीर आणि पंप पॉलिन व मुलगा ॲन्सेल्म यांना निम्मे निम्मे. पाणी दोघांनी वार ठरवून घ्यावे, भांडू नये.

३. माझे धाकटे दीर फर्डिनंड यांना काही नाही. माझ्या शवपेटीला त्यांचा खांदाही नको. कारण लिहून ठेवते, आणि ते लिहिताना अहोजाहो होणार नाही.

विम्यातले आम्हाला ओ का ठो कळत नव्हते. एजंट घरातलाच बरा, तोही चर्चमध्ये मिस्साच्या प्रार्थनेला पहिल्या बाकावर बसणारा, म्हणून १९७८ साली फर्डिनंडला बोलावले. त्याने माझ्या नवऱ्याची, आल्बर्टची, कोऱ्या अर्जावर सही घेतली आणि उत्तरे घरी जाऊन स्वतः भरली. पूर्वी गंभीर आजार? त्याने लिहिले, नाही. दोनच वर्षांपूर्वी आल्बर्टचे हृदय बंद पडता पडता राहिले होते. फादर येऊन त्याला मरणाऱ्याला लावतात ते अखेरचे तेल लावून गेले, तेव्हा उशाशी मेणबत्ती धरून हाच उभा होता.

पुढच्याच वर्षी आल्बर्ट गेला. विम्याचा तपासनीस घरी आला. मी त्याला चहा दिला आणि अभिमानाने सांगितले, "देवाने त्याला एकदा मरणाच्या दारातून परत आणला होता. तेल लावल्यावर आठव्या दिवशी वाडीत गेला." असा चमत्कार आमच्याकडे कोण लपवतो? त्याने सगळे लिहून घेतले आणि खाली माझी सही घेतली. महिन्याने पत्र आले की, मयताने आजार दडवून फसवणूक केली, पैसे मिळणार नाहीत.

आपल्याला काहीच ठाऊक नव्हते, असा जबाब फर्डिनंडने दिला. त्याच रविवारी चर्चमध्ये कम्युनियनचा प्रसाद घ्यायच्या रांगेत तो सर्वांच्या पुढे. मला किळस आली, आजही येते. आल्बर्टने जन्मात शेजाऱ्याचा पडलेला नारळ उचलला नव्हता. माझ्याच तोंडून तो खोटा ठरला.

४. ॲन्सेल्म आता काकाच्या हाताखाली हेच काम करतो. गेल्या महिन्यात त्याने माझा विमा उतरवला. तपासणीचा डॉक्टर काकाच्या ओळखीचा. पोटचा पोर म्हणून मीही न वाचता सही केली. मागाहून विचारले, माझी साखर आणि छातीचे दुखणे कुठे लिहिलेस? तो म्हणाला, "आय, एवढं कोण बघतंय?"

मी बघते. दोन्ही आजार मी स्वतः विमा कार्यालयाला रजिस्टर पत्राने कळवले आहेत. पोच सोबत जोडली आहे. ॲन्सेल्मचे काम सुटले तर त्याने माझ्या नावाने खुशाल बोटे मोडावीत. केळी त्याला उपाशी मारणार नाहीत. पण या घरातून दुसरे माणूस खोटे म्हणून पुरले जाणार नाही.

वरील मजकूर साक्षीदारांपुढे मोठ्याने वाचून सही केली आहे.

सही: क्लेमेंटीन आल्बर्ट तुस्कानो

साक्षीदार:
१. मटिल्डा लोपीस, शिक्षिका
२. काशीराम म्हात्रे, बागायतदार

भुईगाव, ६ मार्च १९८४