रिकाम्या पेटीतली टकटक

५ मार्च

ती. ताईस,
स. न. वि. वि.

तू विणलेल्या मफलरमध्ये मी बुजगावणं दिसतो, असं आमचा स्वयंपाकी म्हणतो. तरी रोज घालतो, कारण संध्याकाळी चर्चच्या पायरीवर बसतो. मुलांना सांगितलंय, मनात काही असलं तर इथं उघड्यावर येऊन मला सांगा. अजून कोणी आलं नाही.

आणि एक विचित्र गोष्ट. पायरीवर बसलो की आतून, कन्फेशनच्या पेटीवर, म्हणजे जिथं जाळीआड न दिसता मी फादर म्हणून लोकांच्या पापांची कबुली ऐकतो तिथं, टकटक ऐकू येते. धावत आत जावं तर चिटपाखरू नाही. पडदा तेवढा हलत असतो.

तुझ्या लोभाची ऊब राहू दे.
धाकटा

९ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

बुजगावणं तू लहानपणापासूनच आहेस, मफलरला दोष नको. पण मी शिक्षिका आहे, मुलांची वाट बघणारा माणूस मला कळतो. पेटीत एखाद्या मुलानं तुला काही सांगितलंय का? घरातल्या कुणाबद्दल? मग पोलिसांना कळवायलाच हवं, तसा कायदाच आहे. मूग गिळून बसू नकोस.

लोभ आहे, रागही आहे.
ताई

१२ मार्च

ती. ताईस,
स. न. वि. वि.

पेटीत कोण आलं, आलं की नाही, हेही मला सांगता येत नाही; कबुलीचं गुपित फोडायचं नाही, हा आम्हा फादरांचा नियमच आहे. तुलासुद्धा नाही, तुरुंगात टाकलं तरी नाही. पेटीबाहेर ऐकलं तर मात्र तसाच चौकीवर जाईन.

टकटक आता रोज होते. फार खालून येते, माझ्या कमरेच्याही खालून. मला भीती वाटते, ताई. चार दिवस येशील?

रागासकट लोभ असू दे.
धाकटा

२० मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

काल तुझ्याकडून निघताना एवढंच बोलले की पोलिसांत तक्रार देऊन आले. बाकीचं तोंडानं सांगवलं नाही.

परवा संध्याकाळी तू पायरीवर होतास, मी आत बाकावर. बाजूच्या दारानं सात-आठ वर्षांची एक मुलगी आली. पेटीवर टकटक केली, जाळीला कान लावून थांबली. तुझी पावलं वाजताच बाकाखाली शिरली. तू परत गेल्यावर मी तिच्याशेजारी जमिनीवर बसले. काकाबद्दल तिनं सगळं सांगितलं. आता ती आजीकडे सुखरूप आहे.

मी विचारलं, पायरीवरच्या फादरना का नाही सांगितलंस. म्हणाली, ते वेगळे. पेटीतल्यांना सांगितलं होतं, ते म्हणाले बाहेर भेटू. रोज बोलावते, पण ते बाहेर येतच नाहीत.

रविवारी तिला घेऊन येतेय. तू पेटीत बस. तिनं टकटक केली की बाहेर ये.

लोभ आहेच.
ताई