गुड फ्रायडेचे पोल्पेत्ते

प्रिय भावा एल्पिदियो,

हे पत्र डोंगरात तुझ्यापर्यंत कोण पोचवणार? तरी लिहिते, कारण तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

तू खिडकीत ठेवून गेलेलं मांस उद्यापर्यंत नासलं असतं. म्हणून आज गुड फ्रायडे, मांस वर्ज्य असूनही, देवाची क्षमा मागून, आईच्या रीतीनं शिळा पाव भिजवला, त्यात मांस बारीक करून मिसळलं आणि पोल्पेत्ते तळले. वासावर फॅसिस्टांचा काळ्या शर्टातला शिपाई आला.

"मांस? फरारी भावानं पाठवलं वाटतं!"

"नाही हो, नुसत्या पावाचे गोळे. आज मांस कोण खाईल?"

शेजारच्या जेल्सोमिना मावशी मीठ मागायला आल्या होत्या. तो त्यांच्यावर खेकसला, "म्हातारे, तू खाऊन सांग."

मावशींनी सावकाश चावून गिळलं. "पावच आहे. लसूण मात्र मेलीनं पोतंभर घातलाय."

तो गेला. मावशी क्रुसाची खूण करून रडल्या. "नुंत्सियाता, गुड फ्रायडेला मांस, जन्मात पहिल्यांदा गं! उद्या पाद्रीबाबांपुढे कबुली दिल्याशिवाय ईस्टर कसा करू?"

पाप लपवा, असं मी कोणत्या तोंडानं सांगू? पण ऐकू कमी येतं म्हणून त्या कबुलीसुद्धा ओरडूनच देतात, आणि उद्या रांगेत सगळं गाव असेल.

इकडे फिरकू नकोस रे.

तुझी भेदरलेली ताई,
नुंत्सियाता