मिस्त्रींचा होकार

४ फेब्रुवारी

आज पुन्हा ह्यांना गोदीवर नेलं. चाकाची खुर्ची वाळूत रुतते, म्हणून धाकट्या मिस्त्रीने जुन्या फळ्या टाकून वाट करून दिली आहे — थेट जहाजाच्या समोरपर्यंत. तरुणपणापासून ह्यांच्याच हाताखाली शिकलेला माणूस. आता सगळं काम त्याच्या अंगावर पडलंय. येता-जाता वाकून विचारतो, "दादा, बरोबर जातंय ना?"

"हो हो."

झटक्यानंतर तोंडातून एवढंच निघतं. उजवं अंग गेलं, बोलणं गेलं, "हो हो" तेवढं राहिलं. सकाळी मी विचारते, जायचं ना गोदीवर? "हो हो." तेवढाच जीवाला आधार.

९ फेब्रुवारी

ऊन फार. बसलो, आलो.

१७ फेब्रुवारी

बोलायला शिकवणाऱ्या बाई आल्या होत्या. त्यांनी ह्यांना विचारलं, बाहेर पाऊस पडतोय का? बाहेर लख्ख ऊन! "हो हो." लगेच स्वतःच डाव्या हाताने कपाळ बडवलं. बाई मला म्हणाल्या, काकू, ह्या 'हो'वर विसंबू नका, त्यांना दुसरा शब्द सापडत नाहीये एवढंच. समजतं त्यांना सगळं.

समजतं सगळं! मग न समजणं बरं की काय. दिवसभर कामात लक्ष नव्हतं. आमटीत मीठ दोनदा पडलं, ह्यांनी मुकाट्याने खाल्ली.

३ मार्च

आज फार वाईट झालं.

बंदर समितीचे अध्यक्ष आले होते. ज्या लढाऊ जहाजाने एके काळी आमचं बंदर राखलं, त्याच्यासारखं हुबेहूब दुसरं बांधायचं, म्हणजे पर्यटक येतील, मुलांना आपला इतिहास कळेल — ही कल्पना त्यांचीच. आणि जुन्या चित्रांवरून ते उभं केलं ह्यांनी. अर्ध्यावर आलं आणि झटका आला.

अध्यक्षांना आता जहाजाच्या कुशीत दार हवंय. पर्यटकांना शिडी चढवत नाही म्हणे. धाकटा मिस्त्री अडून बसला. म्हणाला, लढाईच्या जहाजाला पोटात दार कधी असतं का? आणि त्या बाजूच्या लांब फळ्या दादांनी एकेक हाताने निवडून, वाफेवर वाकवून बसवल्यात. त्यावर करवत चालवायची?

अध्यक्ष उत्तर न देता सरळ ह्यांच्यासमोर उकिडवे बसले. "मिस्त्री, तुम्हीच सांगा. दार केलं तर चालेल ना?"

"हो हो."

मी म्हटलं, त्यांच्या 'हो'चा तसा अर्थ नसतो. डॉक्टरांकडच्या बाईंनीच सांगितलंय. तर अध्यक्ष हसले. "वहिनी, एवढ्या मोठ्या कारागिराचा शब्द तुम्ही खोटा पाडता?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. जसं काही मीच ह्यांना वेडं ठरवत होते. ह्यांनी माझं मनगट असं धरलं की वळ उठला. अजून आहे.

४ मार्च

करवत चालली. ह्यांना आज नेऊ नये असं वाटलं होतं. पण विचारलं तर "हो हो" म्हणाले. नेलं.

२० मार्च

लेकीचा फोन. म्हणे, आई, रोज कशाला फरफट करतेस बाबांची, दमत असतील. मी चिडले. म्हटलं, घरी ठेवून काय, भिंतीकडे बघत बसवू? जन्म गेला त्यांचा लाकडात. तिथे निदान रंधा चाललेला ऐकू येतो.

खरं सांगायचं तर मलाही तिथे बरं वाटतं. माणसं असतात. चहा येतो. कुणीतरी 'वहिनी' म्हणून हाक मारतं. घरात मीच बोलायचं आणि मीच ऐकायचं.

११ एप्रिल

जहाज पाण्यात गेलं. अख्खं गाव लोटलं होतं. ह्यांना पहिल्या रांगेत बसवलं, गळ्यात हार. अध्यक्ष माइकवर म्हणाले, ह्या जहाजाचा प्रत्येक बदल मिस्त्रींच्या संमतीने झालेला आहे. टाळ्या. धाकटा मिस्त्री मागे उभा होता, त्याने टाळ्या वाजवल्या नाहीत.

जहाज घसरत पाण्यात उतरलं, एका अंगाला कललं, सावरलं. सगळ्यांनी एकच आरडाओरडा केला. ह्यांच्या डोळ्यांतून धार लागली. फोटोवाला धावत आला. आनंदाश्रू, आनंदाश्रू, असं सगळे म्हणाले. मीही म्हणाले. पदराने पुसत राहिले, थांबेचनात.

१२ एप्रिल

अध्यक्षांचा फोन. पुढच्या रविवारी जहाजाची पहिली फेरी. मिस्त्री पाहिजेतच. आणि पुढेही रोज दोन घटका त्यांना वर डेकवर बसवा म्हणाले, लोकांना प्रत्यक्ष घडवणारा माणूस बघायला मिळेल. गाडी ते पाठवणार.

मान दिला म्हणायचा. नाही कसं म्हणणार? मी हो म्हटलं.

१५ एप्रिल

ह्यांचं जेवण तुटलंय. वारा बाधला असेल गोदीवरचा. बाई मात्र खूश आहेत, म्हणाल्या जीभ वळायला लागलीय.

१९ एप्रिल, रविवार

गाडी आली. ह्यांचा भांग पाडला, नवा सदरा घातला. विचारलं, निघायचं ना?

ओठ थरथरले. मान ताठ झाली. घाम फुटला. मग म्हणाले, "नाही."

इतक्या महिन्यांत पहिला नवा शब्द! मी लेकीला फोन लावायला उठत होते. त्यांनी पदर धरला. मी खाली बसले. विचारलं, आज नको का?

पदर सोडला नाही.

विचारलं, की पहिल्यापासूनच नको होतं?

"हो," म्हणाले. एकदाच.