पाण्याकडचे दार

ता. ५ फेब्रुवारी १९५६, रविवार. दुपारचे ४ वाजून १० मिनिटे. पेन्सिलीला टोक काढून ही वही उघडली.

इंदापूरच्या एस.टी.ने फाट्यावर उतरलो, तेथून बैलगाडी. आमच्या मालकांची, शेटजींची, ही खोली पाहून हसू आले. पत्र्याचे दोन पाखे वर एकमेकांना टेकलेले, खाली थेट जमिनीला भिडलेले. मेंढक्यांच्या पालासारखीच, फक्त लाकूड-पत्र्याची. सरळ उभे राहता येते ते मधोमध. कोणा ओव्हरसियरने बदकांच्या शिकारीसाठी बांधली होती म्हणतात. एका अंगाला टेकडी, दुसऱ्या अंगाला तलाव.

मी बारामतीत शेटजींच्या गुळाच्या अडतीवर काट्यावरची वजने लिहितो. विषमज्वरातून उठल्यावर शेटजींनीच रजा दिली, हवापालट होईल म्हणाले. बुधवारी, १५ तारखेस, रतन येणार. ती वडगाव निंबाळकरला माहेरी आहे. लग्नाला दहा महिने झाले, पण घरात अकरा माणसे. आम्ही दोघे सलग तासभर बोललेलो नाही. येथे आठ दिवस मिळतील.

ता. ६, सोमवार.

झोप उत्तम. डॉक्टरांनी पावले मोजून चालायला सांगितले आहे. खोलीच्या दारापासून पाण्याच्या कडेपर्यंत ६२ पावले. पाण्यात फुटांच्या खुणांचा दगडी खांब आहे, पाणी ११ फूट ४ इंच.

एकच गैरसोय. दार टेकडीकडे आहे. तलावाकडची बाजू पत्र्याने बंद, फटसुद्धा नाही. रतनने निघताना विचारले होते, पडल्या पडल्या पाणी दिसेल का? खोलीची राखण करणारे आप्पा, म्हातारे मेंढपाळ, त्यांना हे सांगितले तर म्हणाले, नवी बायकू येनार आन् हे पानी बघत पडनार! खूप हसले.

ता. ७, मंगळवार.

खालच्या वस्तीवरचा गेणू सुतार बोलावून पाण्याकडे दार काढले. मजुरी ३ रुपये ८ आणे, उधार.

आप्पा आले, आज हसले नाहीत. त्यांचे म्हणणे, मेंढका पाल ठोकतो तेव्हा पाण्याला पाठ देतो. तोंड देत नाही. तोंड दिसलं की पानी वळखतं. मी म्हटले, ही अंधश्रद्धा. तर म्हणाले, व्हय बाबा, साळा शिकलेलं तुमी, सहा यत्ता! संध्याकाळी त्यांनी मेंढरे टेकडीपलीकडे नेली.

ता. ८, बुधवार.

खाटेवरून सारा तलाव दिसतो. बदके मोजली, ३१. रतनला फार आवडेल.

खांबावर ११ फूट ३. नव्या दारापासून कडा ५४ पावले.

ता. ९, गुरुवार.

४५ पावले. अंगात ताकद येते आहे, टांग लांब पडत असावी.

ता. १०, शुक्रवार.

टांगेचा भरवसा नको म्हणून दोरीने मोजले. पाण्याच्या कडेला काल खुंटी ठोकली होती. आज ती कोरडी आहे, पाणी तिच्या वीतभर मागे सरले आहे. खांबावरही पाणी उतरले. तरी दारापासून खुंटी कालच्यापेक्षा १० पावले जवळ.

टेकडीकडच्या दाराशी बोरीचे झाड होते, हात लांबवून बोरे काढत होतो. ते आता १९ पावलांवर आहे.

पाणी येत नाही. खोली जाते आहे. जमिनीवर ओढल्याची खूण नाही. नवे दार खिळे ठोकून बंद केले.

ता. ११, शनिवार.

दार उघडे. खिळे उंबऱ्यावर ओळीने ठेवलेले, एकही वाकडा नाही. २८ पावले.

सामान उचलून गेणूबरोबर फाट्याकडे निघालो. टेकडी चढलो, एवढे आठवते. मग पाय ओले झाले. तलावाच्या कडेला उभा होतो. गेणू मागून धावत आला. त्याचे म्हणणे, तुमीच माघारी वळलासा, हाका मारल्या तर वळून बघितलं न्हाय.

रतनला येऊ देता कामा नये. गेणू उद्या वडगावला लाकूड पोचवायला जाणार, त्याच्याकडे चिठ्ठी दिली. पण तिला वाचता येत नाही. तिचा भाऊ सोपान साऱ्या घरासमोर मोठ्याने वाचणार. खोली चालते असे कसे लिहू? लिहिले, प्रकृती ठीक नाही, येऊ नकोस.

ता. १२, रविवार.

१७. सकाळी आप्पांकडे गेलो, म्हणजे निघालो. पुन्हा पाणी. टेकडीवरून ते मला बघत होते. ओरडून विचारले, दार बुजवू का? ते ओरडले, आता वळखलं त्यानं. बुजवून काय हुतंय?

ता. १३, सोमवार.

८ पावले. गेणू निरोप सांगून गेला. झाडापाशीच थांबला, जवळ आला नाही. चिठ्ठी ऐकून रतन रडली. आजार लपवतात म्हणाली. बुधवारपर्यंत थांबणार नाही. उद्याच येते.

मी लिहिले म्हणून. मीच —

गेणूला म्हटले, उद्या फाट्यावर अडव. तो मान हलवून पळाला. हो की नाही, कळले नाही.

ता. १४.

खाटेखाली पाणी. गार नाही. अंगाएवढे कोमट.

टेकडीकडचे दार उघडले. तिकडेही —

बोरीचा शेंडा दिसतो. लांब.

११ वाजून ५०. वाटेवर हिरवे लुगडे. डोक्यावर गाठोडे. गेणूने अडवले नाही.

दार लावले. आवाज करायचा नाही. खोली रिकामी वाटली तर परत जाईल. जाईलच.

हाक मारते आहे. अहो, म्हणते. येता का बाहेर? बघा काय आणलंय!

तिला पाणी दिसत नाही. तिच्या पायाखाली वाजते आहे, तरी —

ओ द्यायची नाही. तोंड बंद राहावे म्हणून हिशेब लिहितो.

झालेला खर्च: एस.टी. १४ आणे. बैलगाडी १ रुपया. रॉकेल ६ आणे. एकूण २ रुपये ४ आणे.

देणे: गेणू सुतार, दाराचे ३ रुपये ८ आणे. आप्पा, दूध ९ आणे.

कडी वाजवते आहे. रडते. थांबली.

फिरून मागच्या, पाण्याच्या दाराकडे

देणे: रतन —