शालूताईंचा पाय आणि पाऊण एचपी

३ फेब्रुवारी, मंगळवार
पंपघराचं दार उघडलं आणि दिग्रसच्या मळ्यातली एक दुपार आठवली. माझं लग्न नवं. विहिरीवरची मोटर चालू, जाड पाइपातून हौदात धबाधबा पाणी. मी आणि शालूताई, माझी मोठी नणंद, हौदाच्या काठावर बसून उकडलेल्या तुरीच्या शेंगा खातोय. पाय धारेखाली. मी माझे आवळून धरलेले. आमच्या कॉन्व्हेंटात पोहणं शिकवत नसत. ताई म्हणाल्या, "सोड वं पाय. पाणी नेते त्याले. आपल्याले काही करा नाही लागत."

त्याच ताईंचा उजवा पाय दिवाळीत आलेल्या अर्धांगाच्या झटक्यापासून हलत नाही. तेव्हापासून माझ्याकडेच आहेत, यवतमाळला. व्यायाम घ्यायला येणारी मेघा म्हणते, छातीएवढ्या पाण्यात उभं करू या. तेवढं पाणी घरामागेच राहू शकतं. ह्यांनी नातवंडांसाठी बांधलेला पोहायचा टँक. हे गेल्यापासून कोरडा, कडुलिंबाच्या पाल्याने भरलेला.

मार्चमध्ये नागपूरला माझं हृदयाचं ऑपरेशन. त्याआधी ताईंना पाण्यात बघायचंय. निखिल पुण्याहून: "आई, बुजवून टाक ना ते!" नाही बुजवणार.

५ फेब्रु.
पंपाचं बटण दाबलं. नुसतं गुणगुणला, फिरला नाही. लगेच बंद. मोटरी दुरुस्त करणारे रफीकभाई आले. मागचं झाकण काढून पंखा हाताने फिरवून पाहिला, जाम. बेअरिंग गंजलेलं, वाइंडिंगही गेलेलं.
"पाऊण एचपी? काकू, तीनचा लावून टाका. शेतात पाहा ना कसा पाणी फेकते!"
मलाही पटलं. जोर जास्त, तर पाणी लवकर साफ.

१४ फेब्रु., शनिवार
टँक धुतला, भरला, तीन एचपी बसला. कितीही चालवा, पाणी ताकासारखंच. फिल्टरवरचा दाबाचा काटा लाल पट्ट्यात. पायरीवर हात फिरवला तर खरखर. वाळू! फिल्टरच्या पोटातली वाळू टँकमध्ये कशी?

दुपारी पडून विचार. गढूळ पाणी फडक्यातून गाळताना घागर एकदम उपडी केली तर गाळही फडक्यातून खाली येतो. हळू ओतावं लागतं. तसंच तर नसेल?

शाळेत विज्ञानाच्या सिस्टर म्हणत, आधी पाहा, मग हात लावा. त्यांनी बक्षीस दिलेलं भिंग अजून आहे. ते घेऊन फिल्टरवरची गंजकी पाटी पुसून वाचली. तासाला किती पाणी झेपेल ते तिथेच कोरलंय! नव्या पंपाचा आकडा त्याच्या कितीतरी वर. म्हणजे पंप टँक बघून नाही घ्यायचा, फिल्टर बघून घ्यायचा. केवढी गंमत वाटली. कुणाला तरी सांगावं म्हणून उठले. सांगायचं होतं ते ह्यांनाच. त्यांना अर्थात माहीत असणार. जुना पाऊणचाच होता.

रफीकभाई हसले. "पाऊण म्हंजे कूलरचं खेळणं, काकू." पण तीनचा परत नेला. त्याला शेतावरचं गिऱ्हाईक आहे म्हणे.

२१ फेब्रु.
पाऊणचा बसला. पाणी सावकाश निवळतंय. पण पंप गुळण्या करतो, टँकमध्ये बुडबुडे येतात. कुठून तरी हवा ओढतोय. रफीकभाईंनी सगळे जोड आवळले, तरी तेच.

मग एक आठवलं. हे कधीकधी दाढीचा ब्रश आणि साबण घेऊन पंपघरात जात. मला वाटे, तिथे गार असतं म्हणून दाढी तिथेच करतात. कधी विचारलंच नाही.

ब्रश कपाटात होता. फेस केला आणि पंप चालू असताना एकेका जोडाला लावत गेले. ताई चाकाच्या खुर्चीतून:
"माय वं! पंपाची दाढी करून राह्यली का तू?"
"हलू नका, ताई. कापेल त्याला."
सगळीकडे फेस तसाच. फक्त कचऱ्याच्या जाळीवरच्या झाकणापाशी आत ओढला गेला, नाहीसा झाला. झाकणाखालची रबरी रिंग चपटी झालेली. नवी घातली. बुडबुडे बंद.
आम्ही दोघी खूप वेळ हसलो. मग ताई ब्रश हातात धरून बसल्या.

२८ फेब्रु., शनिवार
तळाची फरशी दिसते. मेघाने ताईंना उतरवलं. मी काठावर, गुडघ्यापर्यंत पाण्यात. ताई घाबरल्या होत्या. "सोड" म्हणायची पाळी आज माझी, पण म्हणवलं नाही.

४ मार्च, बुधवार
ताईंचा उजवा पाय हलला. पुढे गेला, वीतभर. मेघाने टाळ्या वाजवल्या. ताई ओरडल्या, "हालवला मीनं! पाह्यलं ना वं?"
पाहिलं. पण ताई उभ्या होत्या तिथेच भिंतीतून पंपाचं पाणी आत येतं. पायाला लागून जातं.
पाय ताईंनी हलवला की पाण्याने नेला? पंप बंद केला की लगेच कळेल. मी पंपघराकडे निघाले. ताईंनी पाहिलं.
"राहू दे वं. चालू राहू दे."
बसले.

८ मार्च, रविवार
उद्या नागपूर. हे पान निखिलला दाखवायचं.
जुना पंप भंगारात नाही. रफीकभाईंना. वाइंडिंग पुन्हा भरून पाहतो म्हणालेत, पैसे न घेता कुणाला द्यायचा तेही तेच ठरवतील.
भिंग मेघाला.
ब्रश निखिलला. कशासाठी ते २१ फेब्रुवारीच्या पानावर लिहिलंय. टँक बुजवायचा नाही, रिंग वर्षाला बदलायची.
पंपघराची किल्ली शालूताईंना, गळ्यात घालायला. त्या सांगतील तेव्हाच पंप बंद होईल. दुसऱ्या कुणी, मीसुद्धा, हात लावायचा नाही.
आणि ताई, कधी बंद करून पाहिलाच, तर काय दिसलं ते मला लगेच फोन करून सांगा. नाही पाहिला, तरी फोन करा.